सेंद्रिय रोहू शक्य आहे, सेंद्रिय सुरमई नाही

आपण कोथरूडला राहता, मासळी घरपोच मागवता आणि एकाच विक्रेत्याकडे आपल्याला दोन पाकिटे दिसली: शिरूर भागातील शेततळ्यातला ‘ऑरगॅनिक रोहू’ आणि समुद्रातली ‘नैसर्गिक, ऑरगॅनिक सुरमई’. दोन्हींचा दर बाजारभावाच्या सुमारे दीडपट. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: माणसाने खाऊ घालून वाढवलेला मासा सेंद्रिय कसा असेल, सेंद्रिय म्हणायचेच तर समुद्रातल्या मोकळ्या माशाला म्हणायला नको का, आणि घरात लहान मूल असताना हे जादा पैसे मोजण्यात अर्थ आहे का. मी पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत मत्स्यशेतीचा सल्लागार म्हणून काम करतो. मधली काही वर्षे सेंद्रिय प्रमाणीकरणासाठी तपासनीस म्हणूनही काम केले असल्याने तळ्याच्या काठावरची आणि कागदावरची, अशा दोन्ही बाजू मला परिचयाच्या आहेत.

आपल्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत आहे, ती अशी की, सेंद्रिय म्हणजे शुद्ध. प्रमाणपत्र देणारी संस्था मात्र मासा प्रयोगशाळेत नेऊन त्याची शुद्धता ठरवत नाही. नमुने घेतले जातात, पण ते बहुधा पडताळणीसाठी किंवा शंका आल्यावर. तपासनिसाचा बहुतेक वेळ जातो तो नोंदवह्या, खाद्याची बिले, औषधे ठेवण्याची खोली, शेजारच्या शेतातून उतरणारे पाणी आणि विक्रीचा हिशेब पाहण्यात. एखाद्याने दोन टन मासळी विकली असेल, खाद्याच्या पावत्या मात्र तीनशे किलोच्याच असतील आणि तळ्याचे क्षेत्र पाहता उरलेली वाढ नैसर्गिक खाद्यावर होणे शक्य नसेल, तर तो मासा कशावर वाढला हे विचारणे हेच तपासनिसाचे काम असते. म्हणजे या शिक्क्याला दोन गोष्टी लागतात: उत्पादनाची जबाबदारी घेणारा कोणी तरी, आणि त्याने काय केले हे तपासता येईल अशी हद्द.

सुरमईच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नाहीत. ती तारली, मांदेली, माकुल असे जे समोर येईल ते खात फिरते. कोणत्या खाडीच्या तोंडाशी तिने किती दिवस काढले आणि तेथे कोणत्या कारखान्याचे पाणी येत होते, हे तिला पकडणाऱ्या नाखव्याला माहीत नसते, आणि माहीत असण्याचे कारणही नाही. ती उत्तम असू शकेल, तळ्यातल्या कोणत्याही माशापेक्षा सरस असू शकेल. परंतु ती अशीच वाढली, असे सांगायला कोणी साक्षीदार नाही. युरोपीय संघाने २००७ च्या सेंद्रिय नियमावलीत वन्य प्राण्यांची शिकार आणि मासेमारी यांतून मिळालेला माल सेंद्रिय उत्पादन मानला जाणार नाही, असे स्पष्टच म्हटले, ते याच विचाराने.

अमेरिकेत हा वाद वेगळ्या वळणाने गेला. पिंजऱ्यात वाढवलेल्या स्वस्त सॅमनमुळे अलास्कातील मासेमारांचा बाजार बसला होता. तेथील लोकप्रतिनिधींच्या आग्रहामुळे २००३ मध्ये समुद्रातून पकडलेल्या माशालाही सेंद्रिय म्हणण्याची मुभा द्यावी, अशी तरतूद कायद्यात आली. पण ती अमलात आणायची तर काय तपासायचे आणि कोणाचे तपासायचे, हे ठरवणारे नियम झालेच नाहीत. वाढवलेल्या माशासाठी तेथील सरकारच्या सेंद्रिय मानकांविषयीच्या सल्लागार मंडळाने २००८ मध्ये शिफारशी केल्या. त्यांचेही पुढे नियमांत रूपांतर झाले नाही. कॅलिफोर्नियाने तर २००५ मध्ये कायदा करून, मान्य निकष येईपर्यंत कोणत्याही माशाला सेंद्रिय म्हणून विकण्यास बंदी घातली. ही बंदी मला अरसिक वाटत असली, तरी अप्रामाणिक वाटत नाही.

येथे एक आक्षेप घेता येतो आणि तो मला वजनदार वाटतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होणारा हिरडा कोणी लावलेला नसतो, त्याला कोणी खत घातलेले नसते, तरीही रानातून गोळा केलेल्या वनस्पतींना सेंद्रिय प्रमाणपत्र मिळू शकते. आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमातही तशी सोय आहे. मग समुद्राने काय घोडे मारले? फरक इतकाच की, हिरड्याचे झाड जागचे हलत नाही. ते रान नकाशावर दाखवता येते, तेथे फवारणी झालेली नाही हे तपासता येते, गोळा करणाऱ्यांची यादी करता येते आणि झाडे ओरबाडली जात नाहीत ना, हेही पाहता येते. आक्षेप घेणारा त्यावर मधमाशी पुढे करतो, कारण ती उडते. तिच्यासाठी युरोपीय नियमांनी पेट्यांभोवती ३ किलोमीटरची त्रिज्या आखली आहे आणि त्या वर्तुळातील फुलोरा प्रामुख्याने सेंद्रिय शेतीतला किंवा रानातला असावा, असे सांगितले आहे. मला विचाराल तर मधाला सेंद्रिय म्हणणे ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत ताणलेली जागा आहे. तरीही तेथे वर्तुळ आखता येते, सुरमईभोवती ते आखता येत नाही. एकाच जागी रुतून राहणाऱ्या शिंपल्यांच्या बाबतीत मात्र हा आक्षेप मी खुल्या मनाने ऐकेन.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, समुद्रातल्या माशाला हा शिक्का न मिळणे हा त्याचा कमीपणा नव्हे. या मोजपट्टीने तो मोजताच येत नाही. तळ्यातला मासा मोजता येतो, पण मोजता येतो म्हणून तो उत्तीर्ण होतोच असे नाही. आपल्या रोहूची खरी अडचण येथे सुरू होते.

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या पारंपरिक मत्स्यशेतीचे तीन मासे एका तळ्यात सोडण्यामागे जुने शहाणपण आहे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. शेण आणि चुना टाकून पाण्यात प्लवंग, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढवले की बरेचसे अन्न तळेच तयार करते, वरून शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा थोडा दिला की काम भागते. मासे सोडण्यापूर्वी नको असलेले मासे काढायला मोहाची पेंड वापरतात, तिचेही पुढे खत होते. माशाला मासा खाऊ घालावा लागत नाही. सेंद्रिय शेतीचे जे तत्त्व आहे त्याच्या इतक्या जवळ जाणारी दुसरी मत्स्यशेती मला ठाऊक नाही, आणि म्हणून शीर्षकात मी ती शक्य आहे असे म्हटले आहे.

पहिली अडचण बीजाची. रोहू साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. त्याला पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पियूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि भारतातील मत्स्यशेतीचा चेहरा बदलला. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याच घटनेमुळे पाळला जातो. आज मत्स्यबीज केंद्रातून आपण जे मत्स्यजिरे (जिऱ्याएवढी पिले) किंवा बोटुकली (बोटाएवढी पिले) आणतो, त्यांच्या आईबापांना कृत्रिम संप्रेरकाचे इंजेक्शन दिलेले असते. युरोपीय सेंद्रिय नियमांत संप्रेरकांना मनाई आहे. मात्र सेंद्रिय बीज मिळत नसल्यास बाहेरचे बीज आणून वाढीच्या कालावधीचा निदान शेवटचा दोन-तृतीयांश भाग सेंद्रिय पद्धतीने काढण्याची सवलत त्या नियमांनी ठेवली होती. माझे मत असे की, रोहूच्या बाबतीत ही सवलत मान्य करावी, कारण इंजेक्शन जनक माशाला दिलेले असते आणि वर्षभराने ताटात येणाऱ्या माशाचा त्याच्याशी थेट संबंध उरत नाही. पण सवलत आहे हे उघडपणे सांगावे. बंगालात पाऊस आणि उतार यांचा उपयोग करून बांधांमध्ये या माशांचे प्रजनन घडवण्याची जुनी रीत होती. सेंद्रिय बीजाचा कोणी गंभीरपणे विचार केला, तर सुरुवात तेथून करावी लागेल. चिलापीची, म्हणजे टिलापियाची, गोष्ट याहून वेगळी. सगळे नरच मिळावेत म्हणून तिच्या पिलांना खाद्यातून संप्रेरक देण्याची पद्धत आहे, आणि तशा बीजातून वाढलेल्या माशाला सेंद्रिय म्हणणे मला कोणत्याही सवलतीखाली पटत नाही.

दुसरी अडचण तळ्याची, आणि आपले शिरूरचे पाकीट मला याच ठिकाणी अडताना दिसते. आपल्याकडील बहुतेक शेततळी प्लास्टिक अंथरलेली असतात; सिंचनासाठी ते योग्यच आहे, कारण मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही. युरोपीय नियमांना मात्र कार्पवर्गीय माशांसाठी (रोहू, कटला, मृगळ याच वर्गातले) तळ मातीचा हवा असतो. शिवाय उत्पादनाची मर्यादा आहे: हेक्टरी वर्षाला १५०० किलो. आपल्याकडे चांगल्या व्यवस्थापनात याच माशांचे हेक्टरी ४ ते ५ टन उत्पादन निघते. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले मोठे तळे ३० बाय ३० मीटरचे, म्हणजे ९०० चौरस मीटरचे. या मर्यादेने त्यातून वर्षाला १३५ किलो मासा मिळेल. तेवढ्या माशावर तपासणीचे शुल्क, प्रमाणित पेंड आणि वेगळी वाहतूक यांचा खर्च कसा निघणार, हे गणित मला अजून कोणी सोडवून दाखवलेले नाही. म्हणून पाकिटावर एका शेततळ्याचा उल्लेख आणि वर्षभर अखंड पुरवठा या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी थबकतो. पुण्यात विकला जाणारा रोहू-कटला मोठ्या प्रमाणात आंध्र प्रदेशातून बर्फात येतो, हे मासळीच्या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक आहे.

महाराष्ट्रात सेंद्रिय कार्प खरोखर करायचा असेल, तर माझ्या मते जागा वेगळ्या आहेत: मातीचे पाझर तलाव, गावतळी, आणि विशेषतः भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी (म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव, जेथे ढिवर समाजाच्या सहकारी संस्था पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आल्या आहेत. तेथे क्षेत्र मोठे, तळ मातीचा, खाद्य जवळजवळ द्यावे लागत नाही. पण त्या तलावांत उतरणारे पाणी भाताच्या खाचरांतून येते आणि भातावर काय फवारले, हे मासेमारांच्या हाती नसते. पाणलोटातले शेतकरी सोबत आल्याशिवाय तेथेही काम पुढे सरकणार नाही.

औषधांचे थोडक्यात सांगतो. चुना, मीठ, पोटॅशियम परमँगनेट चालते. कार्पच्या अंगावर आर्गुलस, म्हणजे माशांच्या उवा झाल्या की, शेतात वापरायचे कीटकनाशक सरळ तळ्यात ओतणारे लोक मी पाहिले आहेत. तेथे सेंद्रियचा विषय संपतो. बायोफ्लॉकच्या टाक्यांचाही विषय लवकर संपवता येतो. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आल्यानंतर या टाक्या आपल्या भागात बऱ्याच वाढल्या, आणि जिवाणूंवर चालणारी पद्धत म्हणून त्यातला मासा सर्रास ‘ऑरगॅनिक’ म्हणून विकला जातो. कमी पाण्यात मासा वाढवण्याची ती एक चांगली युक्ती आहे. परंतु ताडपत्रीच्या टाकीत, दिवसरात्र हवा सोडून, दाट संख्येने आणि कारखान्यातल्या गोळीखाद्यावर वाढवलेला मासा सेंद्रिय ठरत नाही. पाणी फिरवून वापरणाऱ्या बंदिस्त संचांना युरोपीय नियम हॅचरी आणि पिलांच्या संगोपनापुरतीच परवानगी देतात.

आता ज्या प्रश्नावर या क्षेत्रातले जाणकारही एकमत नाहीत, त्याकडे वळतो. सॅमन किंवा कोळंबी यांसारख्या मांसाहारी वा मिश्राहारी जातींना खाद्यात फिशमील, म्हणजे वाळवलेल्या माशांची भुकटी द्यावी लागते आणि ती येते समुद्रातून पकडलेल्या माशांपासून. म्हणजे जो मासा स्वतः सेंद्रिय म्हणवू शकत नाही, त्याची भुकटी खाऊन वाढलेली कोळंबी मात्र सेंद्रिय ठरते. नियम करणाऱ्यांनी यावर तोडगे काढले आहेत: आधी मासळी-प्रक्रियेतून उरलेली डोकी आणि काटे वापरा, नाइलाज असेल तरच शाश्वत मासेमारीतला अख्खा मासा घ्या, कोळंबीच्या खाद्यात फिशमील २५ टक्क्यांपेक्षा आणि माशाचे तेल १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. अमेरिकेतील २००८ च्या शिफारशींतही २५ टक्क्यांची मर्यादा होती आणि ग्राहक संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता: गाईला सेंद्रिय ठरवताना तिचा चारा पूर्णपणे सेंद्रिय मागता, मग माशालाच सूट का? मला हा मुद्दा बरोबर वाटतो. उरलेल्या डोक्या-काट्यांपुरती सवलत मी समजू शकतो, कारण ते एरवी वाया जाणार असतात. अख्खे मासे दळून खाऊ घालण्याला सेंद्रियच्या छत्राखाली जागा नसावी. त्यामुळे माझ्या यादीत शाकाहारी आणि प्लवंग खाणारे मासे उरतात, सॅमन उरत नाही. बाजाराला हे सोयीचे नाही, कारण श्रीमंत गिऱ्हाईक सॅमन मागते, मृगळ नव्हे.

पुण्याच्या संदर्भात उजनी धरणाचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही, कारण भिगवण आणि इंदापूरच्या बाजारातला मासा ‘धरणाचा, मोकळा, नैसर्गिक’ म्हणून कौतुकाने घेतला जातो. धरणातला मासा ना पुरता रानटी, ना पुरता पाळीव. रोहू-कटल्याचे बोटुकली आकाराचे बीज सोडलेले असते, खाद्य कोणी देत नाही. चिलापी तर स्वतःच वाढत जाते आणि ती मूळची आफ्रिकेतली असून १९५२ मध्ये भारतात आणली गेली. खाद्य दिलेले नाही एवढ्यावरून कोणी या माशाला सेंद्रिय म्हणू लागला, तर मी त्याला नकाशा दाखवेन: पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. पाणलोटात रान अधिक असलेल्या पश्चिमेकडील धरणांतला मासा पाण्याच्या दृष्टीने नक्कीच उजवा ठरेल, पण त्यालाही मी सेंद्रिय न म्हणता ‘अमुक धरणातला, खाद्य न दिलेला’ असे लिहिणे पसंत करेन. त्यात गिऱ्हाइकाला अधिक कळते.

समुद्रातल्या माशाच्या पाकिटावरही मला हेच हवे आहे. कोणत्या बंदरावर उतरला, कोणत्या तारखेला, गळाने पकडला की ट्रॉलने (बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्याने), आणि आकार किती. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा घोषित झाला. त्याची अंडी घालण्याच्या वयालाही न पोहोचलेली पिले थाळीत येत असताना पाकिटावर ‘ऑरगॅनिक’ लिहून काय साधते? १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत ‘आज सकाळची ताजी सुरमई’ मिळाली, तर ती कोठून आली हे विचारायलाच हवे. मासेमारीसाठी वेगळ्या प्रमाणपत्रांची व्यवस्था जगात आहे. केरळमधील अष्टमुडी तलावातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले, भारतातले ते पहिले. साठा टिकतो का, सोबत दुसरे जीव किती मरतात, देखरेख कोण करते, हे प्रश्न ती व्यवस्था विचारते. सुरमईला विचारण्याजोगे प्रश्न तेच आहेत.

कायद्याचे सांगायचे तर, भारतात पाकिटावर सेंद्रिय असा दावा करायचा असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार तो माल राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली किंवा पीजीएस-इंडिया या सहभागी हमी पद्धतीखाली प्रमाणित असावा लागतो; त्या नियमांनी त्यासाठी ‘जैविक भारत’ हे चिन्ह ठरवले होते. उत्पादकाने स्वतः थेट ग्राहकाला विकलेल्या मालाला प्रमाणपत्रातून सूट आहे; घरपोच सेवा देणारी कंपनी त्या सुटीत बसत नाही. ‘नैसर्गिक’, ‘ताजे’ हे शब्दही मोकाट नाहीत, त्यांच्या वापराच्या अटी २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांत आहेत. आपण विक्रेत्याकडे प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यात मत्स्योत्पादन हा प्रकार व माशाची जात नावानिशी लिहिलेली आहे का, ते पाहा. डाळिंबाच्या किंवा भाजीपाल्याच्या प्रमाणपत्रावर त्याच शेतातल्या तळ्याचा मासा विकला जाताना मी पाहिला आहे. विकणाऱ्याला बऱ्याचदा त्यात काही गैर आहे, हेही माहीत नसते. दुसरे असे की, मासा कापणारा आणि पाकीटबंद करणारा यांनाही प्रमाणपत्र लागते. ती साखळी मध्येच तुटली, तर तळे कितीही चांगले असले तरी पाकिटावर शिक्का लावता येत नाही. सुरमईच्या पाकिटाबाबत मात्र एवढेही करण्याची गरज नाही, त्यावरचा शब्द सरळ नाकारावा.

राहिला मुलाचा आणि पैशांचा प्रश्न. २०१८ मध्ये गोव्यात आणि केरळमध्ये फॉर्मेलिनचा जो गदारोळ झाला, तो मासा कसा वाढला याचा नव्हता. पकडल्यानंतर तो टिकवण्यासाठी काय केले, याचा होता. ताजेपणा तपासायला डोळे, लाल कल्ले आणि बोटाने दाबल्यावर परत वर येणारे मांस हेच साधन, आणि त्यासाठी मासा अख्खा पाहून मग कापून घेणे बरे. पाकिटातल्या तुकड्यांना कल्ले नसतात. लहान मुलासाठी मोठ्या, बरीच वर्षे जगणाऱ्या शिकारी माशांपेक्षा बांगडा, तारली, मांदेली असे छोटे मासे मी सुचवेन, कारण पारा साखळीत वर चढत जाऊन मोठ्या माशात साठतो. रोहू द्यायचा असेल तर पोटाकडचा भाग घ्या, पाठीकडच्या आणि शेपटीकडच्या मांसात बारीक काटे फार असतात. आणि प्रमाणपत्राची प्रत दोन दिवसांत हाती आली नाही, तर दीडपट दर देऊ नका. त्याच पैशांत गणेश पेठेतल्या बाजारातून, ओळखीच्या कोळणीकडून, बंदर आणि दिवस विचारून घेतलेला बांगडा आठवड्यातून दोनदा घरी येईल.